दारावरचं इंद्रजाल

पिंप्राळा, जळगाव
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

नूतन, माझा फोन उचलत नाहीस ते ठीक, दोन वर्षांत त्याची सवय झाली. पण यास्मिनच्या फोनवरून लावला तर "बोल गं यास्मिन" म्हणून एवढी गोड बोललीस, आणि मी नुसतं "नूतन" म्हटल्याबरोबर कट? आपल्या पूजेच्या दुकानात चार माणसं उभी होती. यास्मिन बिचारी म्हणे, "रेंज गेली असेल काकू." मला काय कळत नाही का? आईचा आवाज आला की रेंज जाते आणि मैत्रिणीचा आला की येते, असा कोणता टॉवर आहे तुमच्या मालवणला?

म्हणून पत्र लिहिते आहे. चौथी शिकलेली बाई मी, शुद्ध-अशुद्ध बघत बसू नको. पोस्टातली बाई म्हणाली, "मावशी, हल्ली कोण पत्र लिहितं?" मी म्हटलं, "ज्याचा फोन कोणी उचलत नाही तो." आणि फोनवर बोललेलं कुठेतरी साठून राहतं म्हणतात. कागदाचं तसं नाही. वाचून झालं की फाड.

तुझे आबा बरे आहेत. साखर वाढली आहे, ऐकत नाहीत. एसटीतून रिटायर झाले तरी पहाटे पाचला उठून ओट्यावर बसतात, जशी काही डेपोची पहिली गाडी यांनाच काढायची आहे.

आता कामाचं. धुळ्याला एक चंदन म्हणून फर्निचरवाला आहे. दसऱ्याला त्याने नवीन शोरूम उघडलं, त्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला. त्यात गल्ल्याच्या मागे काचेत बसवलेलं इंद्रजाल दिसत होतं. तेच ते, समुद्रातलं काळं झाड. पिंपळाचं पान कुजून नुसत्या शिरा राहाव्यात तसं दिसतं. लोक दारावर लावतात, नजर लागू नये, कोणी करणी करू नये म्हणून. कोणीतरी तो व्हिडिओ वनखात्याला पाठवला. जीप आली, फ्रेम घेऊन गेले आणि चंदनलाही घेऊन गेले. जामिनावर सुटला तो, पण केस लागली. बायको रडून रडून अर्धी झाली म्हणतात.

तर माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिच्याकडेही तसलं एक आहे. तिने काही चोरलेलं नाही, समुद्र तिने टीव्हीवरच पाहिला असेल. देवाधर्माची वस्तू म्हणून घेतली. आता ती विचारते, तिला काय होईल? एखादी वस्तू घरात नुसती टांगलेली असली तर माणसाला आत टाकतात का? ती बाई घाबरट आहे, रोज येऊन माझं डोकं खाते, म्हणून विचारते. मला काय त्याचं.

तुझं खातं तेच आहे, तुला माहीत असणार. आठ दिवसांत कळव.

आई

---

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नूतन,

ती बाई मी. तुला पहिल्याच ओळीला कळलं असेल. पत्र पेटीत टाकलं आणि माझं मलाच वाटलं, कोणाला फसवते आहे मी, ही पोर माझ्या पोटातून आली आहे.

तुझं उत्तर यायच्या आधी दुसरं लिहिते आहे, कारण थांबायला वेळ राहिलेला नाही. काल यास्मिनच्या अब्बांना, कय्युमभाऊला, धुळ्याच्या वनखात्याचा फोन आला. चंदन म्हणे कुठून घेतली ते आठवत नाही, पण त्याच्या त्या फ्रेमच्या मागे कय्युमभाऊच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. "यास्मिन फ्रेम वर्क्स, पिंप्राळा", खाली फोन नंबर. माणूस वीस वर्षं प्रत्येक फ्रेमच्या मागे ती चिठ्ठी चिकटवतो, देवाचा फोटो असो की मेलेल्या माणसाचा. इंद्रजालाच्या मागेही चिकटवली. चोरीचं काम समजून केलं असतं तर चिकटवली असती का?

तो दुकानाचं शटर अर्धं ओढून माझ्याकडे आला. म्हणाला, "अक्का, फ्रेम कोणी करून घेतली ते विचारतात, मी तुमचं नाव अजून घेतलं नाही. ते म्हणाले आठवून सांगा, मी म्हटलं आठवतो. पण समोर बसवून विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. माझ्या घरात पोरी आहेत. आमच्यासारख्याला एकदा आत नेलं की बाहेर यायला किती दिवस लागतात, तुम्हाला सांगायला नको."

मी म्हटलं, "भाऊ, तू कशाला खोटं बोलशील? माझं नाव सांग." तोंडाने म्हटलं. मग बसायला स्टूल शोधलं तर स्टुलावर धूपाचा खोका, तशीच त्याच्यावर बसले.

मग यास्मिनने मोबाइलमधून कायदा वाचून दाखवला. नूतन, हे खरं आहे का? वाघ आणि हे काळं झाड एकाच यादीत? पहिल्याच यादीत? तिने परत परत वाचलं, मी परत परत विचारलं. तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. घरात ठेवलं तरी, विकलं तरी. मी पन्नास वर्षांची आहे. सात मिळवून बघितले आणि पुढे काही सुचलं नाही.

तू सांगितलं होतंस. हो, सांगितलं होतंस, आता मीच म्हणते, म्हणजे तुला म्हणायची गरज नाही. त्या आखाजीच्या सणाला, अक्षय्यतृतीयेला, तू चार दिवसांची रजा काढून आलीस, पिशवीत माझ्यासाठी कोकम. घरात पाय टाकायच्या आधी तुझी नजर दाराच्या चौकटीवर गेली आणि तू ओट्यावरच थांबलीस. म्हणालीस, "आई, हे आधी खाली काढ. मी याच्याखालून आत येणार नाही." गल्लीतल्या बाया झोक्यावर गाणी म्हणत होत्या, सगळ्या ऐकत होत्या. तू सांगत बसलीस की हे झाड नाही, जीव आहेत, बारीक बारीक जिवांची वस्ती आहे, बोटाच्या पेराएवढं वाढायला वर्ष लागतं, याच्या आडोशाने मासे राहतात. मी म्हटलं, वाळून कोळसा झालंय, आता कुठला जीव. तू म्हणालीस वनखात्यात नेऊन दे. मी म्हटलं, सणासुदीला माझ्या दारात येऊन साहेबीण होऊ नको, तुझी वर्दी तिकडे कोकणात. आणि तू ओट्यावर आणून दिलेल्या ताटात पुरणपोळी आणि रस तसाच टाकून दुपारच्या गाडीने निघून गेलीस.

मला वाटलं, चार दिवसांनी फोन करेल. तू दोन वर्षं केला नाहीस.

आता ऐक. आपल्याकडे तसले तीन नग आहेत. दारावर नाहीत, आत ठेवले आहेत. काय करू? गिरणा नदीत सोडून देऊ का? पाण्यातली वस्तू पाण्यात गेली तर पापही फिटेल आणि पुरावाही जाईल. तुझे आबा ओट्यावरून म्हणाले, "पोर सांगत होती तवय आयकं नही तू. आते माले काय ईचारस?" मी त्यांना काही विचारलेलंच नव्हतं. चहा प्या म्हटलं तुमचा.

सकाळी मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला. खाकी शर्ट, हातात वही. मी दारातूनच सांगितलं, "माझ्याकडे काही नाही." तो म्हणाला, "मावशी, मीटर तर असेल ना?"

हसू नको. माझी अशी दशा झाली आहे.

आई

---

बुधवार, १९ नोव्हेंबर

नूतन,

यास्मिनच्या फोनवर तुझा मेसेज आला. तिने तीनदा वाचून दाखवला. "काही जाळू नको. नदीत टाकू नको. कोणाला देऊ नको. किती आहेत ते खरं सांग." तीर्थस्वरूप नाही, नमस्कार नाही, आबांची साखर किती ते विचारणं नाही. पण आलं तरी. मी ते यास्मिनला कागदावर लिहून द्यायला लावलं आणि ब्लाउजमध्ये ठेवलं.

उशीर केलास मात्र. एक नग जाळला मी.

शनिवारी आबा दवाखान्यात गेले तेव्हा मागच्या अंगणात चुलीवर धरला. मला वाटलं होतं लाकडासारखा जळेल. आणि खरं सांगू, मनातून वाटत होतं की खोटा निघावा. हा माल आणून देणारा सुरतचा लीलाधर मला फसवून प्लास्टिक देऊन गेलेला असावा. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी मला फसवलेलं बरं. प्लास्टिक असतं तर वितळून थेंब पडले असते.

थेंब नाही पडले. वास आला. केस जळल्यावर येतो तसा, नख जळल्यावर येतो तसा. स्मशानाच्या बाजूने वारा आल्यावर येतो तो वास, नूतन. लाकडाला तो वास कुठून येईल? मी चिमट्याने धरून उभी होते आणि तू ओट्यावर बसून सांगत होतीस ते सगळं एकदम कळलं. जीव होता तो. मी जिवंत नाही जाळलं, मेलेलं जाळलं, पण जीव होता. शेजारची ताराबाई भिंतीवरून ओरडली, "काय जाळतेस गं, बोकडाचे खूर भाजतेस का?" मी म्हटलं, केस विंचरले त्याचा गुंता टाकला. रात्री भाकरी गिळली नाही. वासच जाईना, पदराला, हाताला, कढईला.

तर किती आहेत ते खरं. तीन नाहीत. तू गेलीस आणि मी रागाने लीलाधरला सांगितलं, आण किती आणतोस ते. माझी पोर मला घरात काय लावायचं ते शिकवणार? तो दोन महिन्यांतून एकदा सुरत-भुसावळ पॅसेंजरने यायचा, कधी अमळनेरला उतरायचा, कधी इकडे. वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. चौदा नग आले सगळे मिळून. पाच विकले, त्यातला एक चंदनने धुळ्याला नेला. एक जाळला. आठ बाजरीच्या कोठीत आहेत, वर बाजरी ओतली आहे. आणि दारावरचा एक वेगळा, तो मी कधी विकला नाही. तो कपाटाच्या मागे आहे.

लीलाधरचा फोन आठ दिवसांपासून बंद लागतो.

दारावरचा का विकला नाही ते सांगते. तू विचारलं नव्हतंस, मीही सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस "असल्या भोंदूपणाला पैसे घालतेस", आणि मग मला सांगावंसं वाटलं नाही.

तुझी मालवणला ऑर्डर निघाली तेव्हा मी तुला सोडायला आले होते, आठवतं? तू मला होडीतून नेलंस. तुमच्या खात्याने पाण्यात ते तरंगते डबे सोडले होते, होड्या त्यांना बांधायच्या, म्हणजे खाली नांगर टाकायला नको. एका होडीवाल्याने तरी नांगर टाकला आणि तू अशी ओरडलीस की मी दचकले. खाली प्रवाळ आहे, तुटतं, म्हणून. मला काही दिसलं नाही. मला नुसतं पाणी दिसलं. जळगावची बाई मी, तोवर हतनूर धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. आणि ते पाणी खाली-वर होत होतं आणि माझी पोर होडीच्या काठावर एक पाय ठेवून त्या दांडग्या माणसाशी भांडत होती. तिथून आल्यापासून मला झोप नव्हती. पाऊस टीव्हीवर दिसला की वाटायचं, गेली असेल आज होडीतून.

तेव्हा लीलाधरने पहिला नग आणला. म्हणाला, "बेन, दरियाची चीज आहे, ज्याचं माणूस दरियावर आहे त्याने दारावर लावावी. दरिया आपल्या चीजेच्या घराला हात लावत नाही." मी घेतला. तुझ्यासाठी घेतला. तू ज्याला राखायला तिकडे गेलीस त्यालाच तोडून मी तुला राखायला निघाले, हे मला काय माहीत.

आता माहीत आहे. त्याचा काही उपयोग नाही.

आज बाहेर जीपचा आवाज आला आणि मी दुकानाच्या मागच्या दाराने निघाले. चप्पल एकाच पायात. जीप केळीवाल्याची निघाली.

पुढे काय करू ते सांग. आणि मला रागाव, पण सांग.

आई

---

सोमवार, २४ नोव्हेंबर

नूतन,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. सहा ओळी. "कार्यालयाने लेखी खुलासा मागितला आहे. धुळ्याच्या जबाबात माझं नाव आलं आहे. तुझ्या दुकानात माझा वर्दीतला फोटो लावला आहे आणि हा माल मीच मालवणहून पाठवते असं तू गिऱ्हाइकांना सांगतेस, हे खरं का? मी अजून काही लिहून दिलेलं नाही. एक डिसेंबरपर्यंत द्यायचं आहे."

खरं आहे.

हेच तुला सांगायचं होतं आणि हेच तीन पत्रांत सांगता आलं नाही. बाजरीच्या कोठीचं सांगितलं, जाळल्याचं सांगितलं, हे पोटात ठेवलं. मला वाटलं चंदनला आठवणार नाही. माणसाला जीप न्यायला आली की सगळं आठवतं.

तुझा तो ट्रेनिंगचा फोटो मी गल्ल्याशेजारी लावला होता. त्यात काही वाईट नव्हतं. कोणी विचारलं की सांगायचे, माझी पोर, वनरक्षक आहे, समुद्राकडे. तू बोलत नव्हतीस तेव्हा तेवढंच होतं. मग एक दिवस पाचोऱ्याचा एक माणूस आला, इंद्रजाल हातात घेऊन म्हणाला, "अस्सल कशावरून? बाजारात रंगवलेलं मिळतं." माझी नजर फोटोवर गेली आणि तोंड चालू झालं. "अस्सल नसेल तर काय? माझी पोर फॉरेस्टात आहे, समुद्रावरच ड्युटी, तिच्याकडूनच येतो माल." त्याने तुझ्या फोटोकडे पाहून हात जोडले आणि फ्रेम घेऊन गेला. त्यानंतर पुढच्या चौघांना तेच सांगितलं. कोणी विचारायच्या आधीच सांगायचे. बोलता बोलता मलाच खरं वाटायला लागलं होतं की तू मला काहीतरी पाठवतेस.

नूतन, मी तुझं नाव विकलं. याला दुसरा शब्द मला येत नाही.

शुक्रवारी वनखात्याची माणसं दुकानात आली. कय्युमभाऊने आदल्या दिवशी नाव सांगितलं, मला येऊन सांगूनच सांगितलं, त्याला बोल लावू नको. दोन माणसं आणि एक मॅडम, सारिका नाव. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "मावशी, भिऊ नका." भिऊ नका म्हणत कोणी आलं की मी आधी भिते. दुकान उलटंपालटं केलं, तिथे काही नव्हतं. तुझा फोटो काढून घेतला, कागदावर माझी सही घेतली. मला वाटलं होतं घरी येतील, कोठीत हात घालतील. ती मॅडम जाताना दारात थांबली. म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे असेल तर तुम्ही स्वतः आणून दिलेलं वेगळं आणि आम्ही शोधून काढलेलं वेगळं. सोमवारी एक तारखेला जबाबाला या." मग वही मिटता मिटता विचारलं, "मुलगी घरी शेवटची कधी आली होती? हे तिने तुमच्याकडे कधी पाहिलं होतं का?"

 म्हटलं, "पाणी आणते तुम्हाला." आत गेले आणि माठाजवळ उभी राहिले. परत आले तर ती म्हणाली, "राहू द्या. सोमवारी सांगा."

तर माझं ठरलं आहे ते ऐक. सोमवारी मी जाते. कोठीतले आठ आणि कपाटामागचा एक, नऊच्या नऊ घेऊन जाते. रिक्षाने जाते, कय्युमभाऊने खोका दिला आहे, त्यात कापूस घालून. लीलाधरचा नंबर देते, कोणत्या गाडीने यायचा ते सांगते. आणि लिहून देते की माझ्या मुलीने मला काही पाठवलं नाही, मी गिऱ्हाइकांना खोटं सांगितलं, फोटो माझ्या मनाने लावला. यात काही उलटसुलट नाही. याबद्दल जे होईल ते होईल. तीन म्हणतील तर तीन, सात म्हणतील तर सात. तुझे आबा म्हणाले, "तू नही व्हशी तं माले साखरनी गोळी कोण दी?" तेवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. मी यास्मिनला सांगून ठेवलं आहे, डब्याच्या झाकणावर सकाळ-संध्याकाळ लिहून दिलं आहे.

राहिलं ते एकच. आखाजी.

मी म्हटलं की तू पाहिलं होतंस आणि मला नेऊन द्यायला सांगितलं होतंस, तर तू माझ्या धंद्यात नव्हतीस हे पटेल. पण मग ते तुला विचारतील, बाई, तू वनरक्षक, तुला कळलं होतं तर दोन वर्षं कळवलं का नाहीस? आई म्हणून सोडलंस का? आणि तुझी नोकरी जाईल. ज्या नोकरीसाठी तू पहाटे शिवतीर्थ मैदानावर पळायचीस आणि मी शेजाऱ्यांना सांगायचे की पोरीला पाय दुखतात म्हणून डॉक्टरने पळायला सांगितलं.

आणि मी म्हटलं की तू कधी पाहिलंच नाहीस, आणि तिकडे तू खुलाशात लिहिलंस की पाहिलं, तर आपण दोघीही खोट्या. मग माझं बाकीचं खरंही कोणी खरं मानणार नाही. तू पाठवत नव्हतीस हेही नाही.

मला तुझी भीती वाटते, नूतन. त्या मॅडमची नाही एवढी. तू लहानपणी वर्गातल्या फुटलेल्या काचेसाठी दुसरी पोरगी मार खात होती तर उठून उभी राहिलीस, आणि मी तुला घरी येऊन पुन्हा मारलं, गप्प बसता येत नाही का म्हणून. तू तशीच आहेस. तू खरं लिहिशील. कोरा कागद समोर ठेवून बसली असशील आणि मनात मला विचारत असशील, आई, मी काय लिहू. की नाही विचारत? मला माहीत नाही. दोन वर्षांत तू कशी झालीस हेच मला माहीत नाही.

काल आबांना समोर बसवून मी तालीम केली. ते मॅडम झाले, मी मी. पहिल्यांदा म्हटलं, "हो, पाहिलं होतं तिने." आबांनी मान खाली घातली. दुसऱ्यांदा म्हणायला गेले, "नाही पाहिलं," आणि मधेच अडकले. पाच गिऱ्हाइकांना एका दमात खोटं सांगणारी बाई मी. आबा म्हणाले, "तुले हाई बोलता येव्हाव नही." मग परत प्रयत्न केला. येत नाही. पण तू सांगितलंस तर म्हणेन. तुझ्यासाठी म्हणेन, रडेन, शपथ घेईन, काय म्हणशील ते.

म्हणून आता हे तू ठरव. मी आतापर्यंत तुझ्या वतीने खूप ठरवलं आणि सगळं चुकलं.

हे पत्र स्पीड पोस्टने टाकते आहे, बुधवारी नाहीतर गुरुवारी मिळेल. शनिवारी, एकोणतीस तारखेला, दुपारी बारापर्यंत यास्मिनच्या फोनवर मला उत्तर पाहिजे. लांबलचक नको, शिव्या नको, माफी नको. "पाहिलं" लिही नाहीतर "नाही पाहिलं" लिही. तू जे लिहिशील तेच सोमवारी माझ्या तोंडातून निघेल, अक्षर इकडचं तिकडे होणार नाही.

शनिवार बारा वाजता मी कय्युमभाऊच्या दुकानात बसलेली असेन. मेसेज आला नाही तर फोन करेन. माझा आवाज ऐकून कट करू नको.

आई